हात आधी कोणी काढायचा

सबनीसांचं पत्र आलं तेव्हा मी अंगणातल्या बाजेवर बसलो होतो आणि माझा उजवा हात सोलापुरी पंच्याखाली होता. पंच्याखाली माझ्या हातात माझ्या बायकोचा, कलावतीचा हात होता. आमची मुलगी मैत्रेयी समोर मोबाईल रोखून उभी होती आणि "बाबा, चेहऱ्यावर काहीतरी येऊ द्या," असं पुन्हा पुन्हा सांगत होती. पोस्टमनने फाटकातून हे पाहिलं आणि सायकल तशीच धरून तो म्हणाला, "सर, मागनं येऊ का?"

"या की," कला म्हणाली. "यांना बैल इकतीय."

निळं अंतर्देशीय पत्र होतं. पाठवणार: र. य. सबनीस, निवृत्त शिरस्तेदार, दिवाणी न्यायालय, लातूर. आत पट्टीने आखल्यासारख्या सरळ ओळी. नमस्कार, एक प्रश्न आणि सही. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. म्हणजे लिहायला बसलो नाही असं नाही. पुष्कळदा बसलो.

सांगोल्यातल्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. माझ्या हातून काही घडावं असा माझा स्वभाव नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर लावून ठेवायचं आणि मागितलं की काढून द्यायचं, एवढंच मला नीट जमत आलं. असा माणूस उतारवयात खेळ तयार करतो, तो छापण्यासाठी लोकांकडे पैसे मागतो आणि ते मिळतातही, हे माझं मलाच आजही उसनं वाटतं. मूळ सगळं कलाचं होतं.

कला रामलिंग दलालांची मुलगी. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि दलाल समोरासमोर बसणार, दोघांच्या हातांवर रुमाल टाकणार आणि आकडे बोटांनी सांगणार. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. तळहातावर नखाने रेघ ओढली की अर्धा. शेकडा की हजार एवढं आधी ठरवून घ्यायचं. भोवती माणसांचा गराडा असतो, पण भाव दोघांनाच कळतो. पटलं की हात घट्ट दाबायचा, सौदा झाला.

हे तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुलीला घरात गंमत म्हणून शिकवलं होतं आणि लग्नानंतर तिने ते मला शिकवलं. आमचं घर तेव्हा माणसांनी भरलेलं. वडीलमाणसांसमोर बायकोशी बोलायची मला छाती नव्हती, खरं तर कोणासमोर काहीच बोलायची नव्हती. माजघरात सगळे बसलेले असताना ती शेजारी येऊन बसायची आणि तिच्या पदराखाली आमची घासाघीस चालायची. माहेरी किती दिवस? ती पंजा धरायची. मी एक बोट. ती पंजा तसाच धरून समोर माझ्या आईशी गवारीच्या शेंगांबद्दल बोलत राहायची, चेहऱ्यावर काही नाही. तीनवर मिटायचं. पुढे पुढे मला वाटू लागलं की ती आधीपासूनच तीन धरून बसलेली असते.

निवृत्तीनंतर वेळ हातात आला तेव्हा मी पुठ्ठ्याचे पत्ते कापून त्यावर जनावरं लिहिली. खिल्लारी बैल, म्हैस, कालवड. प्रत्येकात एखादी खोड, जी फक्त मालकाला ठाऊक. कोणी मारकं, कोणी दूध चोरणारं, कोणी नांगर दिसला की बसणारं. सौदा रुमालाखाली करायचा आणि बाकीच्यांनी दोघांचे चेहरे बघून भाव ओळखायचा. खेळाचं नावही रुमालच ठेवलं. शेजारचे संध्याकाळी खेळायला येऊ लागले. मैत्रेयीने तो पुण्याला नेला, तिच्या ऑफिसातली मुलं खेळली, आणि एका सुट्टीत ती घरी आली ती सगळं ठरवूनच.

छापखाना थोडके डबे छापून देत नव्हता. म्हणून इंटरनेटवर खेळाची माहिती टाकायची, ज्यांना हवा त्यांनी आधी पैसे भरायचे, आणि महिन्याच्या आत ठरलेली रक्कम जमली तर खेळ छापून त्यांना पाठवायचा. नाही जमली तर एकूण एक रुपया ज्याचा त्याला परत.

"म्हंजे वर्गणीच की," कला म्हणाली.

मैत्रेयीने क्राउडफंडिंग हा शब्द सांगून पाहिला, पण कलाने वर्गणीच धरून ठेवला. गणपतीची पोरं आली की हा माणूस आतून कडी घालून पुस्तक वाचत बसतो, आणि आता आख्ख्या जगाकडे वर्गणी मागणार, असं ती शेजारणीला सांगत होती. मी आतून ऐकत होतो. पण पुढचं वाक्य तिने शेजारणीला सांगितलं नाही, मला सांगितलं. "माझ्या बापाची बोटं त्याच्याबरूबर गेली. बाजारात आता पोरं मोबाईलवर आकडे दावत्यात. डब्यात घालून ठिवली तर ऱ्हातील तरी."

त्यानंतर नाही म्हणणं शक्य नव्हतं. मैत्रेयीने बिनपगारी रजा काढली आणि आमच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडला.

पहिला आठवडा बरा गेला. पैसे भरणारे सगळे ओळखीचे होते. मैत्रेयीच्या मैत्रिणी, माझे जुने प्राध्यापक, कलाचे भाचे. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, ती पैसे आले की उजवीकडे सरकायची. दुसऱ्या आठवड्यात ओळखी संपल्या आणि पट्टी थांबली. मैत्रेयी म्हणाली की असं होतंच, मधले दिवस ओढगस्तीचेच असतात, आपला व्हिडिओ बदलायला हवा.

व्हिडिओ वाईटच होता, तो माझ्यामुळे. मी खेळाची माहिती वाचनालयाच्या सूचनेसारखी वाचली होती. पण दुसरीही अडचण होती. ज्या खेळातली सगळी मौज रुमालाखाली चालते, तो दाखवणार कसा? कॅमेऱ्याला दिसत होते दोन म्हातारे, एका पंच्याखाली हात घालून समोर बघणारे. खाली एका मुलाने लिहिलं होतं की आजोबा-आजी कशाची तरी वाट बघतायत, पण कशाची ते कळत नाही.

तेवढ्यात सबनीसांचं पत्र आलं.

त्यांच्या नातीने त्यांच्या नावाने पैसे भरले होते आणि आम्ही पानावर टाकलेले नियम त्यांना कागदावर छापून दिले होते. जन्मभर कोर्टात कागद तपासलेल्या माणसाने ते वाचले. त्यांनी लिहिलं होतं: "सौदा पटल्यास काय करावे हे आपण कलम चारमध्ये सांगितले आहे. सौदा मोडल्यास हात आधी कोणी काढावा याविषयी नियम आढळला नाही. घेणाऱ्याने की विकणाऱ्याने? कृपया कळवावे."

मी पत्र दोनदा वाचलं. खेळात भोक होतं. आणि लहान नव्हतं. जो आधी हात काढेल तो हरला, असं खेळणारे धरूनच चालणार. मग कोणीच काढणार नाही. नाहीतर जो तो पटकन काढेल आणि घासाघीसच उरणार नाही. आमच्याकडे खेळताना हे कधी आलंच नव्हतं, कारण कला समोर असली की सौदा मोडत नसे.

मी तिला विचारलं, तात्या काय करायचे?

"त्यांचा कुटं मोडायचा?"

"कधीतरी मोडत असेलच ना."

"मोडला तर घरी येऊन सांगत असत्याल व्हय? आन् बाजारात बायकांना कोण नेत हुतं? मला घरातलं ठावं."

संध्याकाळी मी मैत्रेयीला म्हणालो की हे थांबवू. अपुरा खेळ लोकांच्या गळ्यात मारणं बरं नाही, आलेले पैसे परत करून टाकू. ती म्हणाली की एखादा नियम आपण बनवून टाकू शकतो, सगळ्या खेळांचे नियम कोणीतरी बनवलेलेच असतात.

"हे बनवलेलं नाही, तुझ्या आजोबांचं आहे," मी म्हणालो.

"बाबा, तुम्हाला थांबवायचंच होतं. त्या सबनीसांनी नुसतं कारण पाठवलं."

हे खरं होतं. तिच्या रजेचे दिवस जात होते आणि मी तिला पोस्टातून आलेली एक ओळ दाखवून परत जा म्हणत होतो. कला दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तीच उठली आणि म्हणाली, "रविवारी बाजार हाय. मोडलेला सौदा बगून येऊ. त्यात काय एवडं."

बाजारात मी फार वर्षांनी गेलो होतो. कला तर पहिल्यांदाच. धूळ, शेणाचा वास, टेम्पोतून उतरणारी जनावरं. अनेक जण खरोखरच मोबाईलवर आकडा टाइप करून समोरच्याला दाखवत होते. पण जुन्या दलालांतले काही अजून होते, खांद्यावर रुमाल टाकलेले. मी वही काढली. पहिल्याने सांगितलं की विकणाऱ्याने हात काढायचा, माल त्याचा आहे. दुसरा म्हणाला की घेणाऱ्याने, पैसा त्याचा आहे. तिसरा म्हणाला की वयाने लहान असेल त्याने काढायचा, रीत आहे ती. चौथ्याने, सौदा मोडायला आला होतात काय सकाळी सकाळी, असं विचारून पाठ फिरवली.

पाचवे होते बापू गळवे. गुडघे दुखत असल्यामुळे पिशवीवर बसलेले, पांढऱ्या मिशा. कलाने वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा ते तिच्याकडे नीट वळले.

"रामलिंगाची लेक व्हय? तुझ्या बापानं मला एकदा बसवलावता बग, दुपारपातूर. बस. सांगून न्हाई कळायचं. म्या एक कालवड इकतो, तू भाव पाड. पटू द्यायचं न्हाई. मोडला की कळंल तुझ्या मालकाला."

ठरलं ते एवढंच. सौदा मोडायचा होता. मी बजावून सांगितलं, कला, मोडायचाय हां. ती हो म्हणाली. बापूंनी रुमाल टाकला. मैत्रेयीने मोबाईल धरला. कालवड शेजारी उभी होती, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि माझ्या वहीचा वास घेत होती.

कलाने रुमालाखाली काय केलं ते मला दिसलं नाही. दिसलं ते वर. ती बापूंच्या सुनेला, जी चहाची किटली घेऊन आली होती, पाणी कितीला येतं ते विचारत होती. नळाला की टँकरने? मग कोथिंबिरीवर आली. मग गुडघ्यांना कोणतं तेल लावता. बापूंची मिशी एकदा हलली. थोड्या वेळाने त्यांनी टोपी मागे सारली. भोवती माणसं जमू लागली. कोणीतरी म्हणालं, म्हातारी बापूचा घाम काढाय लागली. मी मागून हळू आवाजात म्हणत होतो, कला, मोडायचाय. मोडायचाय. बापूंनी डोळे मिटले, रुमाल एकदा हलला, आणि कला म्हणाली, "घेतली."

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग गर्दी हसायला लागली.

"अगं, आपण खोटं खोटं करत होतो," मी म्हणालो.

"इतक्या खाली आलंवतं ते. सोडून कशी दिऊ?"

मी बापूंकडे वळलो आणि जमेल तेवढ्या नम्रपणे म्हणालो की आम्ही फक्त माहितीसाठी आलो होतो. बापू रुमाल झटकून खांद्यावर टाकत होते. "सर," ते म्हणाले, "हात दाबला. आता माजं काय चालत न्हाई आन् तुमचंबी. ह्यात खोटं खोटं नसतं." मग कलाकडे बघून म्हणाले, "बापाची लेक हाय. माजंच चुकलं. बसायचंच न्हवतं."

कालवड आम्ही चालवत घरी आणली. मी दोरी धरली होती आणि ती मला ओढत होती. रस्त्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याने वाकून नमस्कार केला, कालवडीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

मैत्रेयीने तो व्हिडिओ जसा होता तसा टाकला. कोथिंबीर, गुडघ्याचं तेल, बापूंची टोपी, मागून माझं 'मोडायचाय, मोडायचाय', आणि शेवटी माझा चेहरा. काही दिवसांपूर्वी ज्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं, त्यावर तेव्हा पुष्कळ काही आलं होतं. पण टाकण्याआधी मी तिला म्हणालो की याच्याखाली चार ओळी मी लिहीन. ती नको म्हणाली. मी लिहीनच म्हणालो. अशा आवाजात मी कधी बोलत नाही, त्यामुळे ती बाजूला झाली.

मी लिहिलं की सौदा मोडला तर हात आधी कोणी काढायचा, हा नियम आम्हाला माहीत नाही. तो शोधायला बाजारात गेलो होतो. सापडला नाही, कालवड मिळाली. खेळात ही उणीव आहे हे जाणून ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी कळवावं.

कोणीच कळवलं नाही. नियम मात्र कळवायला लागले. सांगली, परभणी, दुबई, कुठून कुठून. एकीने लिहिलं की आमच्याकडे सासूने आधी हात काढायचा नसतो. एकाने लिहिलं की आजोबा, तुम्ही आजींच्या मागे उभे राहिलात तीच चूक झाली. प्रत्येक जण उत्तर लिहायचा आणि जाता जाता एक डबा मागवून जायचा. पट्टी हलली. मैत्रेयीने सुचवलं की पैसे भरणाऱ्यांनी कालवडीचं नाव ठेवावं, मतं घेऊ. मी जुन्या ग्रंथांतून पाच नावं काढून दिली. अर्थपूर्ण होती. पण कोणीतरी कलाचं वाक्य ऐकलं होतं, मैत्रेयीनेच कुठेतरी लिहिलं असावं, आणि प्रचंड मतांनी नाव निघालं वर्गणी.

त्यानंतर आमच्या गल्लीत रोज सकाळी कोणी ना कोणी ओरडायचं, सर, वर्गणी सुटली. आणि मी दार उघडून बाहेर पळायचो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पट्टीला थोडंच अंतर उरलं होतं. मैत्रेयी नखं खात होती. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत मात्र नव्हतो. ती दारात येऊन उभी राहिली, आणि तिचे डोळे बघून मी पुस्तक मिटलं. पट्टी भरली होती. कला गोठ्यात होती. मैत्रेयीने जाऊन तिला सांगितलं. कलाने पदराला हात पुसले, मुलीचा हात पदराखाली घेतला आणि घट्ट दाबला. बराच वेळ दाबून धरला.

छपाई झाली, डबे आले. पुढची खोली डब्यांनी भरली. प्रत्येक डब्यात एक लहान सोलापुरी पंचा होता, त्याच्या कडा कलाने आणि शेजारणींनी शिवल्या होत्या. नियमांच्या पुस्तिकेत कलम पाच असं छापलं होतं: सौदा मोडल्यास हात आधी कोणी काढायचा हे खेळणाऱ्यांनी आपापसांत ठरवावं. सबनीसांचा डबा मी स्वतः बांधला. त्यात चिठ्ठी घालायला कागद घेतला, आणि तसाच ठेवून दिला. आपापसांत ठरवावं हे उत्तर नव्हतं. त्यांनी लोक काय म्हणतात ते विचारलं नव्हतं. कोर्टातल्या माणसाने नियम विचारला होता आणि माझ्याकडे नियम नव्हता.

डबा पोहोचल्याची पावती आली. त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही.

यानंतर सात-आठ वर्षं गेली. खेळ दोनदा पुन्हा छापला. बापू गळवे वारले. वर्गणीला वासरं झाली, ती आता कलाच्या भाच्याकडे आहेत. मैत्रेयीने नोकरी सोडली आणि आता ती घरूनच खेळांचं काम करते.

गेल्या श्रावणात कलाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. आवाज निघतो, पण शब्द होत नाही, आणि तो तसला आवाज तिलाच पसंत नसल्यामुळे ती गप्प बसते. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिले दिवस मी तिच्याजवळ बसून पेपर वाचून दाखवायचो. बडबड तिने करायची आणि मी ऐकायचं, अशी आमची इतक्या वर्षांची वाटणी होती. आता माझाच आवाज घरात घुमायचा आणि मला तो नकोसा व्हायचा. तिलाही होत असावा. कारण एकदा पेपर वाचताना तिने डाव्या हाताने माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, माझ्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला.

तेव्हापासून सगळं तसंच चालतं. किती वाजले, औषधाच्या गोळ्या किती, मैत्रेयीला यायला किती वेळ. डाव्या हाताची सवय नव्हती, पण आठवडाभरात झाली. मी पुष्कळदा हरतो.

मागच्या महिन्यात जेवताना लोणच्यावरून झालं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. तिने दोन बोटं धरली, दोन फोडी. मी तिच्या तळहातावर रेघ ओढली, अर्धी. तिने दोन धरली. मी रेघ ओढली. तिने पुन्हा दोन. एकावर मिटेल असं मला वाटत होतं, नेहमी मिटतं. पण ती दोनवरून हलेना, आणि मी डॉक्टरांचा चेहरा आठवून अर्ध्यावरून हलेना. मग ती बोटं हलवायची थांबली. मीही थांबलो. सौदा मोडला होता.

ताटं सुकली. ती भिंतीकडे बघत होती, अर्ध्या चेहऱ्याने रागावलेली. माझा हात तिच्या हाताखाली बधिर झाला होता. मला हात काढता आला असता, उठून ताटं उचलायची होती. पण तिच्याकडे बोलायला तो एकच हात होता. मी माझा काढून घेतला असता तर तिचं वाक्य मध्येच तोडल्यासारखं झालं असतं. म्हणून मी बसून राहिलो. तिने का काढला नाही ते मला माहीत नाही. तिलाही काढता येत होता. राग तर तिचाच जास्त होता.

चहाच्या वेळेला मैत्रेयी आली. खाटेवर कप ठेवायला जागा नव्हती. ताटं तशीच, आई भिंतीकडे बघणारी, बाप छताकडे. तिने कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने पंच्याचं टोक उचललं.

"अजून?" ती म्हणाली.

आमचे हात तसेच एकमेकांत होते. कलाने मान वळवून आधी लेकीकडे पाहिलं, मग हातांकडे, मग माझ्याकडे. तिचं निम्मं तोंड हसलं. मग तिने त्याच डाव्या हाताने मैत्रेयीच्या हातातून पंचा ओढून घेतला, माझ्या हातावर परत नीट पसरला, आणि आत हात घालून माझं एक बोट धरलं. एक फोड. मी दाबलं.

तिने लोणचं खाल्लं. सावकाश, मला दाखवून दाखवून खाल्लं. मी ताटं ठेवली आणि माझ्या टेबलाशी जाऊन कागद घेतला. या वेळी खाडाखोड झाली नाही.

"श्री. सबनीस यांस सा. न. वि. वि. आपल्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला. सौदा मोडल्यास हात आधी कोणी काढावा, असं आपण विचारलं होतं. कोणीच काढू नये. तिसऱ्या कोणी येऊन रुमाल उचलेपर्यंत दोघांनी तसंच बसून राहावं. त्यानंतर रुमाल पुन्हा पसरावा आणि सौदा पहिल्यापासून सुरू करावा. दोन्ही पक्षांनी हा नियम तपासून पाहिला आहे. पुढच्या छपाईत कलम पाचमध्ये घालत आहोत. आपला, म. शि. बिराजदार."

कलाला वाचून दाखवलं. 'दोन्ही पक्षांनी' वर तिने मान हलवली.

पाकिटावर पत्ता लिहिताना हात थांबला. सबनीस तेव्हाच निवृत्त होते. आता असतील की नसतील, कोण जाणे. चौकशी करावी, मैत्रेयीला त्यांच्या नातीचा नंबर शोधायला सांगावा, असं मनात आलं. असं मनात आलं की माझी पत्रं राहतात. म्हणून नावाखाली आणखी एक ओळ लिहिली: अथवा त्यांच्या घरी हा खेळ जो कोणी खेळत असेल त्यास.

पोस्टातल्या बाईंनी ती ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. रजिस्टर करायचं का म्हणून विचारलं. मी साधं तिकीट मागितलं, ते नीट चिकटवलं, आणि बाहेर येऊन पत्र पेटीत टाकलं.